फडक्याआडचं गाणं

माझा धंदा नाच बसवण्याचा. लोक ऐकतात आणि समजतात, ही बाई नाचायची. नाचले, थोडी वर्षं नाचले, पण ते पोटापुरतं. खरं काम दुसऱ्यांना नाचवण्याचं. नाटक कंपनीत, शाळांच्या संमेलनांत, कधी एखाद्या जत्रेच्या मंडपात. गवंड्याचं नाव कुणी घरावर लिहीत नाही, तसंच यातही. टाळ्या नाचणाऱ्याला आणि पाय चुकला की बोल मला. सवय झाली.

या अंकाच्या संपादकांचा निरोप आला, ‘बाई, तुमच्या कलेविषयी लिहा.’ कला म्हटलं की मला दुसऱ्याचं लुगडं नेसल्यासारखं होतं. कामाविषयी लिहिते.

नाच बसवताना पहिल्या दिवशी मी कुणालाच नाच शिकवत नाही. मुली जमल्या की एकीला म्हणते, ती कोपऱ्यातली घागर इकडं आण. दुसरीला म्हणते, सतरंजी झटक. तिसरीला नुसतं दारापर्यंत जाऊन यायला सांगते. मुलींना वाटतं, बाई कामं करून घेतात. मी बघत असते. कुणाचा खांदा आधी निघतो, कुणाचे डोळे मानेआधी वळतात, कोण टाचेवर चालतं, कोण चवड्यावर. प्रत्येकाच्या अंगात आधीपासून काहीतरी चाललेलं असतं. ते ओळखायचं आणि त्याला तालात आणायचं. एवढंच माझं शास्त्र. हे मी कुणाकडून शिकले, याचं उत्तर मी बरीच वर्षं चुकीचं देत होते. ते कसं, तेच सांगायचं आहे.

आमचं माहेर निपाणीचं, गोंधळ्यांचं. घरात लग्नकार्य झालं की लोक देवीचा गोंधळ घालतात. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची आणि संबळाच्या तालावर देवीची गाणी, कथा म्हणायच्या. संबळ म्हणजे कमरेला बांधलेला जोड-नगाराच, एक लहान, एक मोठा, दोन काड्यांनी वाजवायचा. माझे वडील, आप्पा, तो असा वाजवायचे की चिकोडी, संकेश्वरपासून तिकडं कागलपर्यंत त्यांना बोलावणं यायचं. धाकटा भाऊ मारुती त्यांच्यासमोर ओसरीवर बसून शिकायचा आणि मी आत भाकरी थापता थापता ऐकायची. मुलीनं संबळ धरायचा नाही, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. हाताला मनाई होती, पायाला कुणी केली नव्हती. मारुतीच्या बोटांत जे बसायला वेळ लागे, ते माझ्या टाचेत आधीच बसलेलं असे. मोठ्या तोंडाचा घुमारा टाचेत, लहानाची कडकड चवड्यात.

आई गोकाककडची, कानडी घरातली. म्हणून आम्ही तिला अव्वा म्हणायचो. गोंधळाचा हंगाम संपला की घर तिच्या हातावर चालायचं. ती तंबाखूच्या वखारीत चाळायला जायची. संध्याकाळी शिंकत घरी यायची, आंघोळ करायची आणि चुलीपुढं बसायची. तिच्याबद्दल गल्लीत कुणी काही बोलायचं नाही. बोलण्यासारखं होतं तरी काय?

माझं लग्न बेळगावच्या तबलजीशी झालं. यजमान एका नाटक कंपनीत साथ करायचे. त्यांच्यामागून मी कंपनीत शिरले ती शिवणटिपणाला. कंपनीत बंडू नावाचा पोरगा नायिका व्हायचा. गळा गोड, चेहरा गोड, पण चालला की वाटायचं आखाड्यात उतरतोय. एक दिवस मालक वैतागून म्हणाले, “वहिनी, तुम्ही तरी ह्याला बाईसारखं चालायला शिकवा!”

मी चालून दाखवलं. बंडूनं नीट बघितलं आणि म्हणाला, “वहिनी, राग मानू नका, पण तुम्हीच बाईसारखं चालत न्हाय.”

मालकांनी मान डोलावली. “खरंय. वहिनी हमालासारख्या चालतात.”

मी बाई, दोन लेकरांची आई, आणि या दोघा बाप्यांनी मला बाईच्या जातीतून काढून टाकलं! दुसऱ्या दिवशी बंडूला घेऊन खडेबाजारात गेले आणि ओळखीच्या कापडवाल्याच्या पायरीवर त्याला बसवलं. म्हटलं, बघ. डोक्यावर पाटी घेतलेली आली, कडेवर पोर असलेली आली, नवी जोडवी घातलेली जपून जपून आली. “यातली बाई कुठली, ते तू सांग.” बंडू एकेकीकडं बघत राहिला. मग हिंडलग्याची एक भाजीवाली भाजी विकून, रिकामी पाटी कमरेवर टेकवून परत निघाली. दिवसभराचं ओझं उतरलं होतं. तिच्याकडं बोट दाखवून तो म्हणाला, “ही.”

आठवडाभर आम्ही दोघं कंपनीच्या मागच्या अंगणात रिकाम्या पाट्या घेऊन फिरलो. नाटकात बंडू तशा चालीनं आला. मालक विंगेत कपाळ बडवत होते, “अहो, राजकन्या भाजीवालीसारखी चालतीय!” पण प्रेक्षकांत बायकांच्या बाजूनं जी टाळी पडली, तिनं मालकांचं तोंड बंद केलं. तेव्हापासून मी कंपनीत नाच बसवणारी झाले, आणि थोडी वर्षं स्वतःही नाचले. जो तो म्हणायचा, संबळवाल्याची लेक, रक्तातच आहे. मीही म्हणायची, होय, आप्पांचंच.

आप्पांना मात्र ते सहन होत नव्हतं. त्यांनी एकदा कंपनीचा खेळ पाहिला. माझ्या पायातले बोल त्यांनी ओळखले, आणि मध्येच उठून गेले. घरी म्हणाले, “त्यो ताल देवीचा हाय, बाय. तिकीट काढून बघायचा न्हाय.” रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता मुख्य गोष्ट. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी बेळगावातल्या एका मुलींच्या शाळेचं नवं दालन बांधून झालं. उद्घाटनाला मुलींचा नाच बसवायला मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. देणगीदारांत दोघे पुढारी होते. एक मराठी वकील आणि एक चिकोडीकडचे जैन व्यापारी, त्यांना सगळे अण्णा म्हणत. वकीलसाहेबांचं म्हणणं, नाचाचं गाणं मराठीत हवं. अण्णांचं म्हणणं, कानडीत हवं. दोघेही सज्जन. एकमेकांच्या घरी जेवायला जाणारे. पण गाण्यावरून असे अडले की आधी बोलणं थांबलं, मग दोघांनीही मोठ्या बाईंना कळवलं की आमच्या मनासारखं न झाल्यास आमच्याकडच्या मुली नाचात उतरणार नाहीत.

मोठ्या बाई मला म्हणाल्या, “नाचच नको असं म्हणू का? मुली हिरमुसतील हो.”

मी म्हटलं, “गाणंच नको. नुसत्या संबळावर बसवते. संबळाला भाषा नसते.”

म्हटलं खरं, पण संबळ आणायचा कुठून? दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेले. आप्पा ओसरीवर काड्या तासत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “पोरी शाळा शिकत्यात, चांगलं हाय. पर संबळ देवीम्होरं वाजतो. शाळंम्होरं न्हाय.”

“शाळेत सरस्वती असते की आप्पा.”

“असंल. तिनं मला बोलावलं न्हाय.”

मारुतीकडं बघितलं तर त्यानं मान खाली घातली. आप्पांच्या शब्दाबाहेर तो जाणार नव्हता, आणि ते बरोबरच होतं. मी उठले. मोटारीला वेळ होता. अव्वाला भेटून जावं म्हणून वखारीकडं निघाले.

लहानपणी आम्हा पोरांना वखारीत येऊ देत नसत. तंबाखूची धूळ पोरांच्या डोळ्यांत, छातीत जाते. दारात उभं राहून हाक मारायची, एवढंच ठाऊक. त्या दिवशी मुकादम जेवायला गेला होता. मी पदर नाकाला लावून आत गेले.

लांब पडवीत बायकांच्या दोन रांगा बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात मोठी चाळण, आणि नाकातोंडावरून करकचून बांधलेलं फडकं. हवा पिवळी झालेली. चाळणी एकदम डावीकडं जायच्या, एकदम उजवीकडं, मग मनगटाला एक हलका झटका, आणि वरचा काडीकचरा कडेला. आणि या सगळ्याखालून एक आवाज चालला होता. तोंडं बांधलेली, ओठ मिटलेले, म्हणून तो नुसता नाकातून, छातीतून येणारा. एकजण सूर वर न्यायची, बाकीच्या खाली धरून ठेवायच्या. वर नेणारी कोण म्हणून मी बघितलं. ती अव्वा होती.

मी खांबाला धरून उभी राहिले. तिची मनगटं बघितली. तो झटका मी कंपनीतल्या किती मुलांना शिकवला होता! दिवा ओवाळताना, फुलं उधळताना, नायकाला नको म्हणताना. हा झटका तुम्हाला सुचतो कसा, असं लोक विचारायचे. मी म्हणायची, आप्पांचा संबळ. आप्पांचा संबळ माझ्या पायात होता, त्यात खोटं नाही. पण हात? चुलीपुढं पीठ चाळणारे, तांदूळ पाखडणारे हे हात मी जन्मापासून बघत आले होते, आणि मला एकदाही वाटलं नव्हतं की मी काही बघते आहे.

अव्वानं मला पाहिलं. फडकं खाली ओढून बाहेर आली. “का गं? घरात बरं हाय न्हवं?”

“अव्वा, बेळगावला चल. शाळेत पोरी नाचणार हाईत, तू हे गुणगुणायचं.”

ती हसायला लागली ती खोकला येईपर्यंत हसली. “मी? नाचात?”

“नाचायचं न्हाय. पडद्यामागं बसायचं.”

“तोंड उघडून मला येत न्हाय बग.”

“मग फडकं बांधून बस.”

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी थट्टा करत नाही हे तिला कळलं. म्हणाली, “मुकादमाला इचारते. आणि तुज्या आप्पाला.”

आप्पा काय म्हणतील याची मला धास्ती होती. ते एवढंच म्हणाले, “वखारीतलं काय, ते वखारीतलं. त्याला मी कोण नको म्हणणारा?”

अव्वा बेळगावला आली. तालमीला शाळेच्या खोलीत तिला सतरंजीवर बसवलं. पहिल्या दिवशी घशातून आवाजच निघेना. मुली तोंडाला हात लावून हसत होत्या. अव्वा मला हळूच म्हणाली, “हात मोकळं हाईत गं. मोकळ्या हातानं कसं येईल?” मी खडेबाजारातून चाळण आणवली. तरी जमेना. रिकामी चाळण हलकी, तिला भार नाही. शेवटी मोठ्या बाईंनी त्यांच्या घरून गव्हाचा कोंडा दिला. चाळणीत कोंडा पडला, अव्वानं फडकं बांधलं, मनगट हललं, आणि आवाज आपोआप सुरू झाला. मुलींचं हसू थांबलं. संबळ नव्हता, म्हणून संबळाचे बोल मी मुलींच्या टाचांना दिले. खोलीच्या लाकडी फळ्यांच्या जमिनीवर ते घुमायचे. हात त्यांनी अव्वाचे घेतले. मी ‘असं कर’ म्हणायच्या आधीच त्यांची मनगटं तिच्याकडं बघून वळायला लागली होती.

उद्घाटनाच्या दिवशी दालन भरलं होतं. वकीलसाहेब एका टोकाला, अण्णा दुसऱ्या. मुली आल्या, वकीलसाहेबांच्या बाजूच्याही आणि अण्णांच्या बाजूच्याही, कारण हरकत घ्यायला गाणंच नव्हतं. नाच फार लांब नव्हता. संपल्यावर लगेच टाळी पडली नाही. माझ्या धंद्यात त्या थांबण्याचे दोन अर्थ असतात, आणि कुठला ते कळेपर्यंत जीव टांगणीला लागतो. मग टाळी पडली.

नंतर चहाच्या वेळी वकीलसाहेब समाधानानं म्हणाले, “शेवटी मराठी ओवीच घेतलीत. आमच्या आईच्या तोंडी असायची ही.”

अण्णा वळून म्हणाले, “ओवी? अहो, हे आमचं बीसू पद. जात्यावरचं कानडी गाणं. लहानपणापासून ऐकतोय.”

दोघे कितीतरी दिवसांनी एकमेकांशी बोलत होते, तेही भांडायला. मोठ्या बाईंनी अव्वाला बोलावून घेतलं. अव्वा पदर सावरत उभी राहिली. वकीलसाहेबांनी आदरानं विचारलं, “मावशी, गाण्याचे शब्द काय आहेत?”

खरं म्हणजे मलाही तेच हवं होतं. शब्द उतरून घ्यायचे, चाल यजमानांकडून बसवून घ्यायची, असं मी मनात ठरवून ठेवलं होतं.

अव्वा म्हणाली, “शब्द कुठलं, साहेब? तोंड उघडलं की धूळ जाती.”

अण्णांनी तेच कानडीत विचारलं. तिनं तेच कानडीत सांगितलं. अण्णांनी स्वतः उठून तिला चहाचा कप दिला. तो तिनं दोन्ही हातांनी घेतला. मी मात्र बाजूला जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं ती घरी येऊन शिंकायची, ते आठवत राहिले.

पुढचं मला मारुतीनं सांगितलं. अव्वा निपाणीला परतली त्या संध्याकाळी आप्पांनी तिला विचारलं, “काय वाजवलं तिथं?”

“पोरींच्या पायात तुमचंच वाजत हुतं,” अव्वा म्हणाली.

आप्पांनी हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाले, “आणि तू काय म्हटलंस? म्हणून दाखव की.” जन्मभर एका घरात राहून त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. वखारीत ते कशाला जातील? अव्वा म्हणाली, हात मोकळं हाईत. तेव्हा आप्पा उठले, स्वयंपाकघरातून पिठाची चाळण आणली, तिच्यात ओंजळभर जोंधळ्याचं पीठ घातलं आणि तिच्या हातात दिली. मारुती म्हणतो, ती गुणगुणत होती आणि आप्पा जमिनीवर बोटांनी हळूहळू ठेका धरत होते. संबळ खुंटीवरच होता. तो त्यांनी काढला नाही. शाळेत, कंपनीत तो कधीच वाजला नाही, आणि मीही परत मागितला नाही. आप्पांमागून तो मारुतीकडं गेला, जिथं जायचा तिथंच.

अव्वाचा खोकला वाढत गेला. वखार सुटली, खोकला सुटला नाही. लढाई संपली त्या सुमाराला ती गेली. ते गाणं मी नंतर चांगल्या चांगल्या गळ्यांकडून म्हणवून घ्यायचा प्रयत्न केला. सूर बरोबर लागायचे. पण ते तोंड उघडून गायचे. तोंड उघडलं की ते दुसरंच काहीतरी व्हायचं. शेवटी नाद सोडला. एवढी एक रुखरुख राहिली आहे.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी त्याच शाळेनं मला पुन्हा बोलावलं. पंधरा ऑगस्टला मैदानावर झेंडावंदन, आणि मुलींचा नाच. मोठ्या बाई आता थकल्या होत्या, पण उत्साह दांडगा. त्यांनी सांगितलं, मुली ओळीनं झेंड्याकडं धावत येतील, पुढं, पुढं, पुढं. देश पुढं चालला आहे ना!

तालमी सुरू झाल्या. बेळगुंदीची पारू नावाची मुलगी बरेच दिवस आलीच नव्हती. आली तेव्हा मोठ्या बाईंनी विचारलं, “कुठं होतीस गं?”

“लावणीला गेलते, बाई.”

मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. मी घाईघाईनं म्हटलं, “भाताची लावणी, बाई. रोपं लावायची.” तेव्हा कुठं त्यांनी श्वास सोडला.

पारूला मी ओळीत घातलं. बाकीच्या मुली पुढं निघाल्या, आणि ही कमरेत वाकून, हात खाली सोडून, एक एक पाऊल मागं जायला लागली. डावा हात पोटाशी, उजवा खाली टेकून वर, पाय न बघता मागं. इतकं सफाईदार मागं जाणं मी कुठल्या कंपनीत पाहिलं नव्हतं. मला स्वतःलाही येत नव्हतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, “अगं, आज पुढं जायचा दिवस, आणि तू मागं कुठं चाललीस?”

पारू गोंधळून उभी राहिली. “लावताना मागंच जातंय की बाई. मागं सरकलं की म्होरं हिरवं हुतंय.”

मोठ्या बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पारूला ओळीच्या मध्यभागी आणलं आणि बाकीच्या मुलींना सांगितलं, हिच्याकडं बघा, हिच्यासारखं मागं जायचं. मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या. नको म्हणाल्या नाहीत.

पंधरा ऑगस्टला बारीक पाऊस होता. हिंडलगा, बेळगुंदीकडून लोक बैलगाड्यांनी आले होते, डोक्यावर पानांची इरली घेऊन मैदानाच्या मागच्या कडेला उभे होते. झेंडा वर गेला. मुली झेंड्याच्या पायथ्याशी ओळीनं वाकल्या आणि मागं सरकू लागल्या. पाठीमागं बघायचं नाही, असं मी बजावलं होतं. पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी एकमेकांकडं बघू लागली, हे काय चाललंय म्हणून. मागच्या कडेला आधी कुणीतरी हसलं. मग ते हसू पसरलं. ओळखीचं माणूस परगावी अचानक भेटल्यावर होतं, तसं. मुली त्यांच्या दिशेनंच सरकत येत होत्या, आणि टोकाची एक मुलगी जराशी वाकडी जायला लागली. मी काही बोलणार, तेवढ्यात इरल्याखालून एक म्हातारी शेतात ओरडतात तशी ओरडली,

“पोरींनू, ओळ सरळ धरा गं!”

आणि मुलींनी धरली.